शेकोटीपाशी बसलेला धोंडीबा

माघात गेलेला नवरा प्रभावतीला श्रावणात पुन्हा दिसला, तोही मुलाच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसताना.

फडका कुठल्याशा बटणावर घासला गेला, काळा पडदा उजळला, आणि आत शेकोटीपाशी धोंडीबा बसलेला. डावा खांदा जरा उतरलेला, एक हात कमरेवर, नजर जाळावर. अंगात कसलंतरी चामड्याचं जाकीट, पाठीला ढाल. प्रभावतीच्या हातातला फडका हातातच राहिला. मग ती पुढे वाकली, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "मिशी जरा जास्तच दिलीय."

हा उद्योग रतनचा हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. रतन म्हणजे बुद्धरत्न, तिचा एकुलता एक. चाकणला एका कंपनीत तयार माल तपासायच्या कामावर होता, पहिल्या शिफ्टला. बाप गेल्यापासून त्याचं एक ठरून गेलं होतं. दुपारी कंपनीची बस त्याला देहूरोडला सोडायची, की अंघोळ, की कानाला हेडफोन, की हा खेळ. ताटसुद्धा तिथेच. शेजारचा अय्याज, लहानपणापासूनचा जोडीदार, सुरुवातीला येऊन दारात उभा राहायचा, "चल ना भावा, चक्कर मारून येऊ" म्हणायचा. हेडफोनला कुठलं ऐकू येतंय? हळूहळू तो यायचा बंद झाला. मामाचे फोन वाजून वाजून थकले. विहारातली पोरं जयंतीच्या वर्गणीला आली तेव्हा दारामागून "नंतर या" एवढंच आलं.

खेळाचं नाव होतं धुकेगाव. ताथवड्याच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या चार-दोन पोरांनी तो बनवला होता, म्हणून त्यातले राक्षस परदेशी दिसत असले तरी माणसं बोलायची ती अगदी आपल्या मावळातल्यासारखी. रतन त्यात तलवारवाला गडी व्हायचा. त्याच्यासोबत एक सोबती असायचा, आणि त्या सोबत्याचं नाक, डोळे, खांदे आपल्या मनासारखे घडवता यायचे. रतनने घडवले होते.

प्रभावतीने कॉम्प्युटर बंद केला नाही. तिचं शिलाई मशीन त्याच खोलीत, समोरच्या भिंतीला. साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचं, हे तिचं रोजचं काम. त्या दिवशी तिने मशीन थोडं फिरवून घेतलं, म्हणजे मान वर केली की शेकोटी दिसावी. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढे तर रतन कामावर गेला की ती आधी कॉम्प्युटर जागा करायची आणि मगच चहा ठेवायची. धोंडीबा बसलेला असायचा. ती त्याला सांगायची, की नळाला पाणी आलं नाही, की कॉलनीतल्या लाल्या कुत्र्याने पुन्हा कुणाची तरी चप्पल पळवली. तो काही उत्तर देत नव्हता. जिवंतपणी तरी कुठे देत होता म्हणा.

मधूनच मात्र तो बोलायचा, आणि ते भलतंच असायचं. जाळाकडे बघता बघता मान उचलायचा आणि म्हणायचा, "भेंडी घ्या भेंडी, कवळी हाय."

धोंडीबाने उभ्या जन्मात भेंडी खाल्ली नव्हती. बुळबुळीत लागते म्हणून ती घरात शिजवूसुद्धा द्यायचा नाही. प्रभावतीला पहिल्यांदा हसू फुटलं. मग रोज ते ऐकून तिला उगाचच चुकचुकल्यासारखं व्हायला लागलं.

ही गोष्ट तिने जमिलाला सोडून कुणालाही सांगितली नाही. जमिला म्हणजे अय्याजची आई. तिच्या नवऱ्याचं, जहीरभाईंचं, हमरस्त्याला टायरचं दुकान. दोघींची दारं समोरासमोर. एक दिवस फॉलची साडी घेऊन आली आणि पडद्याकडे लक्ष जाताच तिने आधी ओढणी डोक्यावर घेतली. धोंडीबासमोर ती कधी उघड्या डोक्याने आली नव्हती.

"तौबा! हे तर धोंडीभाऊ!"

"रतनने बनवलेत."

"बनवलेत म्हणजे? इडली आहे का ती?" जमिला खुर्ची ओढून बसली. बराच वेळ बघत राहिली. "हुबेहूब गं. पण रूह कुठाय? ती तर गेली ना निघून. हे नुसतं चित्र."

"आमच्यात रूह नसतेच," प्रभावती दोरा तोडत म्हणाली. "भंतेजी सांगतात, माणूस म्हणजे मोळी. सुटली की सुटली. आत वेगळा कुणी बसलेला नसतो."

"असं कसं? मग एवढा माणूस चालतो, बोलतो, भांडतो, ते काय बॅटरीवर?"

प्रभावती हसली. पण विचार तिचाही चाललाच होता. विहारात ऐकलेलं तिला पटलेलं होतं, नवरा गेला तेव्हा त्याच आधारावर ती उभी राहिली होती. आता मात्र रोज सकाळी ज्याला पाण्याच्या नळाची बातमी सांगते तो कोण, याचं उत्तर तिला देता येत नव्हतं.

"हे मशीन बघ," ती म्हणाली. "माझ्या आईचं. पट्टा बदलला, शटल बदललं, पायडल यांनी वेल्डिंग करून आणलं. आईच्या वेळचं आता नुसतं फळकूट राहिलंय. तरी मी म्हणते, आईचं मशीन. सांग, यात आई कुठंय?"

"टाक्यात असेल."

"टाका माझा आहे."

"आणि शिकवला कुणी?"

प्रभावती मशीनकडे वळली. तिने सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो एका झटक्यात गेलासुद्धा.

मग जमिला रोजच यायला लागली. आणि एका सकाळी तिनेच विषय काढला. "बिचारे बसून बसून अवघडले असतील गं. जरा फिरवून आण ना भाऊंना."

प्रभावतीने रतनच्या पाठीमागे उभं राहून पुष्कळ बघितलं होतं. बाणांच्या बटणांनी चालायचं, लांबड्या बटणाने तलवार चालवायची, कोपऱ्यातल्या पिशवीतून हवी ती वस्तू काढायची. तिने बाण दाबला. तलवारवाला गडी उठला, आणि त्याच्यामागे धोंडीबाही उठला, कमरेवर हात ठेवून, जिना चढून आल्यावर जरा टेकून मग उठायचा तसाच. दोघींचा जीव हरखला.

"चला," जमिला पडद्याला म्हणाली, "हवा खाऊन या."

गाव नेटकं होतं. दगडी वाट, गवताची छपरं, मध्ये विहीर. पण वाटेवर माणूस म्हणून दिसेना. कुंभाराचं चाक होतं, कुंभार नव्हता. मेंढरं मोकळीच फिरत होती. एका ओट्यावर भाजीची पाटी तशीच भरलेली. वेशीपाशी शेवटच्या झोपडीच्या दारात तेवढी एक म्हातारी बसली होती.

"सगळे गेले कुठे?" जमिला म्हणाली. "सुट्टी आहे का यांची?"

प्रभावतीला वाटलं, शेतावर गेले असतील. ती वेस ओलांडून रानाच्या कडेपर्यंत गेली. झाडी छान होती, पाखरांचा आवाज येत होता. आणि झाडीतून लांडगा बाहेर आला.

"तलवार! लांबडं बटण!" जमिला ओरडली.

प्रभावतीचा अंगठा लांबड्या बटणावर गेला आणि तिथेच थबकला. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले व्रताचे महिने, चालू होता. आषाढी पौर्णिमेला विहारात तिने सगळ्यांबरोबर पंचशील घेतलं होतं, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. तेव्हापासून घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं, झुरळ सुपलीत घेऊन बाहेर सोडलं जात होतं.

"अगं दाब की! खोटा आहे तो!"

"थांब, मी बघते."

तिने कोपऱ्यातली पिशवी उघडली, त्यातून भाकरी काढली आणि लांडग्यापुढे ठेवली. कॉलनीतला लाल्या कितीही गुरगुरत आला तरी ती त्याला असंच गप्प करायची. लाल्या भाकरी घेऊन जिन्याखाली जाऊन बसायचा. लांडग्याने भाकरीकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याने झेप घेतली, आणि मागे उभा असलेला धोंडीबा पुढे होऊन आडवा आला. त्याला बनवलंच होतं तसं. लांडगा रानात निघून गेला तेव्हा धोंडीबा वाटेवर पालथा पडलेला होता, डावा खांदा मातीत.

जमिलाने तोंडावर ओढणी धरली. पडद्यावर ठळक अक्षरं उमटली. प्रभावतीने ती मोठ्याने वाचली, कारण मनात वाचायचं तिच्याने होईना.

"तुमचा सोबती पडला आहे. गावातल्या एखाद्या माणसाचा प्राण मण्यात भरून आणा. तो माणूस जाईल आणि सोबती उठेल. गावात उरलेली माणसं: एक."

खाली एक निळा मणी लकाकत होता.

जमिलाने ओढणी तोंडावरून खाली घेतली. मग जमिला हळूच म्हणाली, "म्हणून भेंडी."

"हं."

"भाजीवालीचा प्राण घातलाय भाऊंच्यात. म्हणून ते भेंडी विकतात."

कुंभार, मेंढपाळ, भाजीवाली. राक्षसांशी लढताना धोंडीबा पडला, की रतनने प्रत्येक वेळी गावातला एकेक माणूस देऊन त्याला उठवलं होतं. रूप बापाचं, बोलणं त्या त्या माणसाचं, तरी उठवलं होतं. प्रभावतीच्या डोळ्यांपुढे दारात उभा राहून परत गेलेला अय्याज आला, वाजून थांबलेला मामाचा फोन आला. तिने डोळे मिटून घेतले.

"चार वाजता बस येईल," जमिला म्हणाली. "रतन बघेल. प्रभा, आधीच तो कसा झालाय. त्यात बाप असा पालथा पडलेला दिसला तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "ती म्हातारी आहे ना. दे तिचा. भाऊ उठून शेकोटीपाशी बसतील. पोराला कळणारसुद्धा नाही."

प्रभावतीने मणी उचलला. वेशीपर्यंत गडी चालवत नेला. म्हातारीच्या पुढ्यात उभी राहिली. आता नुसतं बटण दाबायचं होतं. पडलेला नवरा उठणार होता, आणि पोराला त्याचं मरण दुसऱ्यांदा बघावं लागणार नव्हतं. खोट्या रानातली खोटी म्हातारी.

म्हातारीने तोंड वर केलं आणि विचारलं, "जेवलास का रं पोरा?"

प्रभावतीने बटणावरून बोट काढलं. रतन कामाला लागल्यापासून धोंडीबा त्याला जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करायचा, आणि हेच विचारायचा. पुढे काही नाही. "जेवलास का?" "हो." "बरं." संपला फोन. कंपनीतली पोरं रतनला चिडवायची, आला बघ राव तुझा जेवणाचा भोंगा.

"नको," जमिला आपणहून म्हणाली. "नको गं. तिनं बघितलं आपल्याकडे."

कॉम्प्युटर तसाच ठेवून प्रभावती मशीनवर जाऊन बसली. त्या दुपारी तिने एका साडीला उलट्या बाजूने फॉल लावला आणि सगळा उसवला.

रतन आला, बूट काढले, तांब्याभर पाणी प्यायला. अंघोळीला वळणार एवढ्यात ती उठून उभी राहिली.

"रतन, माझ्या हातनं पप्पा पडले."

त्याला आधी कळलंच नाही. मग पडद्यावर मणी घेऊन एकटाच उभा असलेला गडी बघितला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा, बाप गेला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर झाला होता तसा झाला.

"तू खेळलीस?"

"फिरवायला नेलं होतं. लांडगा आला."

"मग मारायचा ना! लांबड्या बटणानं!"

"पंचशील घेतलंय."

"आई, तो लांडगा खोटा आहे!" रतन ओरडला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज घरात एवढा चढला होता. "खोटा आहे गं तो, चित्र आहे नुसतं!"

"आणि पप्पा?"

रतनने पुन्हा पडद्याकडे बघितलं. तो खुर्चीत बसला. हेडफोन लावायचं त्याला सुचलं नाही, त्यामुळे रानातल्या पाखरांचा आवाज सगळ्या खोलीत भरून राहिला.

मग तो म्हणाला, "ही म्हातारी मी मुद्दाम ठेवली होती. शेवटाला."

"का रे?"

"हिचा प्राण घातला की पप्पा तिच्यासारखं बोलणार. आत्तापर्यंत सगळे भलतेसलतेच निघाले. कुंभार मडकी मोजायचा, ती भाजीवाली..." त्याने नाक पुसलं. "ही मात्र एकच विचारते. मी शेकोटीपाशी जाऊन बसलो असतो, आणि पप्पांनी विचारलं असतं, जेवलास का."

प्रभावतीला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. पण आत्ता हात लावला तर तो उठून जाईल हे तिला ठाऊक होतं. ती त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"विचारलं असतं," ती म्हणाली. "मिशीसकट विचारलं असतं. मलाही ऐकावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? मणी हातात घेऊन उभी होते मी." तिने म्हातारीकडे बोट दाखवलं. "पण मग ते म्हातारीचं विचारणं झालं असतं ना रे. तिच्याकडनं काढून घेतलेलं. आणि दारात कुणीच उरलं नसतं."

रतन पडद्याकडे वळला. त्याने बटणांवर बोटं ठेवली. गडी मणी घेऊन म्हातारीपुढे तसाच उभा होता. प्रभावतीने त्याच्या बोटांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिली.

"जेवलास का रं पोरा?"

खाली दोन उत्तरं दिसत होती, आणि तिसऱ्या जागी मणी. रतन पुटपुटला, "हिला मी कधी उत्तरच दिलं नाही. घाई असायची." त्याने 'नाही' दाबलं.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग सांगायचं न्हाई व्हय मगाधरनं," असं करवादत झोपडीत गेली. आत दिवा लागला. भांड्यांचा आवाज आला. एवढं सगळं त्या खेळात होतं हे रतनलाही माहीत नव्हतं, तो खुर्चीत पुढे सरकला. म्हातारी दोन ताटं घेऊन बाहेर आली. एक त्याच्यापुढे ठेवलं, दुसरं हातात धरून वाटेकडे बघत तिने विचारलं, "आन् तुझा सोबती?"

पुन्हा दोन उत्तरं. एक, 'मागून येतोय.' दुसरं, 'गेला.'

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल थांबली, चालू झाली, निघून गेली. रतनचं बोट पहिल्या उत्तरावर गेलं, तिथे राहिलं. मग सावकाश खाली सरकलं आणि त्याने 'गेला' दाबलं.

म्हातारीने दुसरं ताट आत नेऊन ठेवलं. परत येऊन त्याच्याजवळ बसली. "बरं," ती म्हणाली. "तू तरी पोटभर खा."

रतन रडला. माघात, विधीच्या वेळी, पांढऱ्या कपड्यांतल्या सगळ्यांसमोर तो कोरडा उभा होता. आता शिफ्टचे कपडे अंगावर, पायात मोजे, आणि पडद्यावरच्या म्हातारीपुढे लहान पोरासारखा रडला. प्रभावतीने आता हात लावला. तो उठून गेला नाही.

समोरच्या दारातून जमिला डोकावली, बघितलं आणि परत फिरायला लागली. रतनने नाक ओढत विचारलं, "चाची, अय्याज आहे का घरी?"

"दुकानावर आहे. बोलवू?"

"नको. मीच जातो."

दुसऱ्या दिवशी प्रभावतीने कॉम्प्युटरवरची धूळ पुसली, आणि पडदा उजळला. शेकोटीपाशी कुणी नव्हतं. वेशीवरच्या झोपडीत दिवा होता. तिने थोडं बघितलं, मग मशीन फिरवून पहिल्यासारखं खिडकीकडे केलं आणि कामाला लागली. आईने शिकवलेला टाका सरळ पडत होता.

जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली तेव्हा तिने पाय पायडलवरून काढले आणि फोन लावला. पलीकडे कँटीनचा गलका होता.

"जेवलास का?"

डब्याचं झाकण खणकलं. मग पाठीमागून कुणीतरी मोठ्याने हसून ओरडलं, "अरे राव, भोंगा परत चालू झाला!" आणि रतनचा आवाज आला, हसण्याच्या अगदी काठावरचा.

"जेवतोय. आई, डब्यात भेंडी दिलीस होय? आपल्या घरात?"

"कोवळी होती," प्रभावती म्हणाली.